स्वस्त चायना कुप्पी: लिहिलंय एक टन, पेलते किती?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर काय किंवा ऑनलाइन काय, एक टनाची तीन मीटर लिफ्टची आयात चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून जड वजन उचलायचा चेन पुली ब्लॉक) आता इंडेफ किंवा किटोसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या कुप्पीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळते. रंग चकचकीत, खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’, कव्हरवर ‘1 टी’चं ठसठशीत स्टिकर. इंजिन उतरवणारी गॅरेजं, बोअरचा पंप काढणारे, छोटे फॅब्रिकेटर यांच्याकडे हाच माल जास्त दिसतो.

‘चायना’ म्हणून तो आपोआप वाईट ठरत नाही. ग्रेड 80 आणि ग्रेड 100 ची (ग्रेड जितका मोठा तितकं पोलाद ताकदवान) उत्तम साखळी त्याच देशात बनते आणि सर्टिफिकेटसह युरोपात जाते. अडचण निनावी मालाची आहे: कोणी बनवला, कुठल्या हीटचं (भट्टीतल्या घाण्याचं) पोलाद, कुठे टेस्ट झाली, यातलं काहीच त्यावर नसतं. बहुतेक स्वस्त कुप्प्या याच जातीच्या.

सुरुवात साखळीपासून. एक टनाच्या कुप्पीला साधारण 6×18 ची लोड चेन, म्हणजे भार पेलणारी साखळी असते: 6 मिलिमीटर जाडी आणि 18 मिलिमीटर पिच, म्हणजे कडीची आतली लांबी. ग्रेड 80 म्हणजे तुटेपर्यंत चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण. कडीच्या दोन्ही पायांचं क्षेत्रफळ सुमारे 56.5 चौरस मिलिमीटर, त्यामुळे ती तुटायला साडेचार टनांच्या आसपास भार लागतो. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 1.1 टन, ही चालवायची मर्यादा. त्याच मापाची साधी ग्रेड 30 साखळी पावणेदोन टनांच्या आतच तुटते. त्यात स्वस्त मालातली 6 ची साखळी व्हर्नियरवर कधी 5.6 भरते, तेव्हा आणखी तेरा टक्के ताकद गेलीच. अशा साखळीवर एक टन लटकवून कोणी हिसका दिला की हाती काही शिल्लक उरत नाही.

दोन्ही साखळ्या दिसायला सारख्याच, म्हणून आधी ठसा शोधायचा. उचलायच्या चांगल्या साखळीवर दर वीस कड्यांना किंवा मीटरभरात ‘8’ किंवा ‘टी’ आणि बनवणाऱ्याची खूण ठोकलेली असते. पूर्ण तीन मीटर चाचपूनही ठसा सापडला नाही तर ती साखळी ग्रेड 80 ची नाही असं समजून चाला. ठसा असला तरी टोकाच्या कडीवर कानस घासून बघा. लोण्यात रुतावी तशी रुतली तर ठसा खोटा. मीटरवर वेगळी विकत घेत असाल तर वजन करा: खरी 8 ची साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो भरते, 10 ची सुमारे 2.2 किलो. आणि मोठं काम असेल तर मीटरभर जास्त घेऊन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये ओढून तोडून घ्या. तो खर्च फुकट जात नाही.

कुप्पीचा खरा जीव मात्र ब्रेकमध्ये आहे, आणि तिथेच स्वस्त मालात सगळ्यात जास्त काटकसर होते. हँड व्हील, म्हणजे हाताने ओढायच्या साखळीचं चाक, आट्यांवर बसलेलं असतं. उचलायला साखळी ओढली की ते आत सरकतं आणि दोन फ्रिक्शन डिस्क (घर्षणाच्या चकत्या) व त्यांच्या मधली रॅचेट (दातेरी चकती) घट्ट दाबतं. पॉल, म्हणजे दातात अडकणारा खटका, टिकटिक करत रॅचेटला उलटी फिरू देत नाही. लटकलेला भार स्वतःच शाफ्ट मागे फिरवू पाहतो आणि तसा ब्रेक आणखी घट्ट आवळतो. उतरवताना व्हील जरासं सुटतं, भार थोडा घसरतो, पुन्हा आवळतो. रचना झकास आहे, पण तिची भिस्त एका बारीक स्प्रिंगवर आणि दोन कोरड्या डिस्कवर.

व्हीलकडच्या बाजूचं कव्हर खोला, तीन-चार नटांचं काम आहे. चांगल्या कुप्पीत बहुधा दोन पॉल असतात, स्वस्तात अनेकदा एकच. त्याची स्प्रिंग मोडली की पॉल दातात बसत नाही आणि भार सरळ खाली येतो. डिस्क नखाने खरवडून भुगा निघत असेल तर ती दाबलेल्या पुठ्ठ्याच्या लायकीची आहे. डिस्कवर ग्रीस दिसलं तर तो पॅकिंगमधला निष्काळजीपणा समजा, पुसून काढा. आपल्याकडचे कारागीरही एक घोळ घालतात: कुप्पी कुरकुरली की ऑइल ओततात. कोरड्या ब्रेकवर तेल गेलं की डिस्क सटकतात. तेल लोड चेनला द्या, ब्रेकला थेंबही नको.

आकड्याकडे (हुककडे) बघताना रंगाला भुलू नका. फोर्ज केलेला, म्हणजे ठोकून घडवलेला आकडा जास्त भाराने आधी हळूहळू उघडतो, इशारा देतो. ओतीव आकडा न सांगता तुटतो. अंगावर बारीक छिद्रं दिसली की तो नकोच. लॅच (आकड्याचं तोंड बंद ठेवणारी पट्टी) पत्र्याची असून बोटाने वाकत असेल तर निदान ती बदलून घ्या. शेवटची गोष्ट म्हणजे लोड चेनचं मोकळं टोक. ते बॉडीला मजबूत पिनेने अडकवलेलं हवं. काही कुप्प्यांत तिथे तारेची वळी असते, आणि साखळी पूर्ण सोडली की ती निसटून जाते.

घेतल्यावर चाचणी अशी करा. पक्क्या बीमला कुप्पी टांगा, बीमबद्दल शंका असेल तर तिथेच थांबा. आकड्याचं तोंड आणि 11 कड्यांची बाहेरून बाहेर लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा; 6×18 ला ही लांबी सुमारे 210 मिलिमीटर येते. आधी सिमेंटच्या दोन गोण्या, म्हणजे 100 किलो, वीतभर उचला, खडूने साखळीवर खूण करा आणि दहा मिनिटं सोडा. मग 20 गोण्या, म्हणजे एक टन. मग 25 गोण्या, सव्वा टन. प्रत्येक वेळी भार जमिनीपासून वीतभरच, आणि पाय, हात, माणूस कोणीही खाली नाही. खूण सरकली, टिकटिक चुकली किंवा एक टनाला ओढायला दोन माणसं लागली तर माल परत. भार उतरवून पुन्हा मोजा: नव्या साखळीत मिलिमीटरचाही फरक पडायला नको, आकड्याचं तोंडही उघडायला नको. पुढे वापरात याच लांबीत दोन-तीन टक्के वाढ झाली, म्हणजे 210 चे 215 झाले, की साखळी बदलायची. कडी वेल्ड करून जोडायची नाही.

बरोबर येणाऱ्या डी-शॅकलबद्दल (भार जोडायच्या, पिनेने बंद होणाऱ्या डी आकाराच्या कडीबद्दल) थोडक्यात. रेटेड शॅकलची पिन बॉडीपेक्षा एक माप जाड असते (16 च्या बॉडीला 19 ची पिन, मर्यादा 3.25 टन) आणि मर्यादेचे अंक अंगावरच उठावदार फोर्ज केलेले असतात. बॉडी आणि पिन सारख्याच जाडीची असतील, वर काही लिहिलेलं नसेल, तर ते शॅकल गेट बांधायला ठीक. पिन हरवली म्हणून बोल्ट घालणं हा सगळ्यात वाईट जुगाड आहे. चकचकीत झिंक केलेले 12.9 ग्रेडचे (फार कडक पोलादाचे) स्वस्त बोल्टही टाळा: प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो, नंतर नीट भाजून काढला नाही तर बोल्ट कसल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं आपोआप उडतं. झिंक केलेल्या कडक साखळीलाही हाच धोका. मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगारातली जहाजाची जुनी साखळी जाड दिसते म्हणून कुप्पीच्या कामाला आणू नका, ती नांगराची.

मग ही कुप्पी कोणी घ्यावी? वरच्या चाचणीत पास झाली तर महिन्यातून दोनदा अर्ध्या टनाच्या आतलं इंजिन काढणाऱ्याला चालेल, भाराखाली कोणी न जाता. बोअरच्या कामाला नको, कारण अडकलेला पंप ओढताना भार किती झाला हे कोणालाच कळत नाही. कारखान्यात तर प्रश्नच नाही: नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 नुसार उचलायच्या साधनावर सुरक्षित भार लिहिलेला लागे आणि बारा महिन्यांत एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी लागे. स्टिकर सोडून काहीच नसलेल्या कुप्पीवर सही करायला कोणताही शहाणा तपासनीस कचरेल.