पुण्यात बसवलेल्या दोन दाढा, चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जानेवारीत आईला भेटायला पुण्याला गेले तेव्हा खालच्या उजव्या बाजूला दोन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे स्क्रू, करून घेतले. जूनमध्ये परत जाऊन त्यावर कॅप बसवल्या. मी राहते त्या न्यू जर्सीत दोन्हींचे मिळून नऊ हजार डॉलर सांगितले होते आणि माझ्या दातांच्या विम्याची वर्षाची मर्यादा १,५०० डॉलर. पुण्यात १ लाख १० हजार रुपयांत काम झालं. जानेवारीचं तिकीट तसंही काढलेलंच होतं. जूनचं धरूनही खर्च इथल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला. बहिणीकडे राहिले म्हणून हे जमलं, हेही खरं.

डॉक्टरांच्या हाताला मी मनापासून मानते. स्कॅन पडद्यावर लावून स्क्रू जबड्यातल्या नसेपासून किती लांब राहील, ते मोजून दाखवलं. टायटॅनियमचा स्क्रू खालच्या हाडात रुजायला साधारण तीन महिने लागतात. म्हणूनच ‘एकाच फेरीत सगळं करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे मी गेले नाही.

चावताना आता काही अडत नाही. चकली, शेंगदाणे सगळं खाते. एक फरक मात्र आहे. खऱ्या दाताभोवती पातळ गादीसारखा पडदा असतो, इम्प्लांट थेट हाडात बसतो. भाकरीत खडा आला तर खऱ्या दाताला आधी कळतं. इथे मला कर्रकन आवाज झाला तेव्हा कळलं.

आठव्या महिन्यात मागची कॅप हलायला लागली. इथल्या डेंटिस्टने विचारलं, कंपनी कोणती, मापं काय? कॅप इम्प्लांटला धरून ठेवणारा छोटा स्क्रू असतो, तो उघडायचं हत्यार कंपनीगणिक वेगळं असतं. माझ्याकडे होतं फक्त ‘इम्प्लांट २ नग’ लिहिलेलं बिल. पैसे भरेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांत उत्तर देणारं पुण्याचं क्लिनिक आता अकरा दिवस ‘कळवतो’ म्हणत राहिलं. जेवताना रोज धास्ती, घास डाव्या बाजूलाच. शेवटी बहीण तिथे जाऊन बसली आणि माझ्या फाइलमधल्या स्टिकरचा फोटो काढून पाठवला: कंपनी, माप, लॉट नंबर. मग इथे कॅपच्या वरचं फिलिंग कोरून काढलं, आतली पांढरी टेफ्लॉनची पट्टी चिमट्याने ओढली आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, तो स्क्रू आवळला. चाळीस मिनिटं, २४० डॉलर. तेव्हापासून कॅप हललेली नाही.

कॅप बसवली त्याच दिवशी काउंटरवर हातात टॅब देऊन ‘किती स्टार?’ विचारलं होतं. मी पाच दिले, मनापासून दिले. पण तोवर त्या दाढांनी मी एक घासही खाल्ला नव्हता! आज डॉक्टरांना पाचच देईन, नंतरच्या सेवेला दोन.

तिकडे जाऊन काम करून घेणार असाल तर ते स्टिकर निघायच्या आधी मागून घ्या, फोटो काढा, घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. माझी वरची एक दाढ डिसेंबरात करायची आहे, त्याच डॉक्टरांकडे. स्टिकर हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही, हे फोनवर आधीच सांगून ठेवलंय.