बनवाबनवी, पण टीव्हीवरची

काल जेवताना परत 'अशी ही बनवाबनवी' लागला होता आणि परत उठलोच नाही, वरणभात गार. १९८८ चा पिक्चर, सचिनचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद, सगळं पाठ आहे तरी अशोक सराफ सुधीर जोशींना त्या सत्तर रुपयांचं काय झालं ते सांगतात तेव्हा घरात सगळे आधीच हसायला लागतात, वाक्य यायच्या आधीच!

आता तक्रार. चॅनेलवाले कापाकापी करतात ना, ती डोक्यात जाते राव. काल 'कुणीतरी येणार येणार गं' अर्ध्यात उडवलं, आणि लक्ष्याचं पार्वती होऊन लाजणं ऐन रंगात आलं की साबणाची जाहिरात. विनोद सगळा टायमिंगवर चालतो, मधला एक पॉज कापला तरी बेचव होतो हो. पण गंमत म्हणजे लहानपणापासून कापलेलाच बघितल्यामुळे पहिल्यांदा अख्खा बघितला तेव्हा काही सीन मला चक्क नवीन वाटले, बोनस मिळाल्यासारखं.

पिक्चरला पाचपैकी पाच, टीव्हीवरच्या कात्रीला दोन. पुढच्या रविवारी लागला तर बघणारच म्हणा.