अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगसाठी टिग शिकू की मिग?
हिंगण्याला जुन्या जिप्सीची बॉडी नव्याने बांधायला घेतलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, टिग घेऊ की मिग?" टिगमध्ये टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पेटते आणि फिलर, म्हणजे सांध्यात वितळवायची कांडी, हाताने द्यावी लागते; मिगमध्ये तीच धातू तारेच्या रूपात मशीनमधून आपोआप येते.

अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २००० अंशांच्याही वर. तो थर फोडायला टिगमध्ये एसी करंट लागतो. लोखंडासाठीचं साधं डीसी मशीन इथे कामाचं नाही. म्हणून टिग महाग. हात बसायलाही वेळ लागतो: एका हातात वेल्डिंग टॉर्च, दुसऱ्यात फिलर, पायाखाली करंट कमी-जास्त करायचं पेडल. पण पातळ पत्र्यावर सांधा नेटका येतो तो त्यानेच.

मिग लवकर जमतं. मऊ तार अडकून गुंता होतो, म्हणून स्पूल गन (तारेचं रीळ हातातल्या गनवरच असतं ती) घ्यावी. पातळ पत्र्याला भोकं पडतात (माझ्याकडे पुरावे पडून आहेत).

सांध्याला हवेपासून वाचवणारा शुद्ध आरगॉन वायू आणि स्टेनलेस स्टीलच्या स्वतंत्र ब्रशने घासणं दोन्हीला लागतं. आणि कूलर बंद! मे महिन्यात नागपुरात जीव जातो, पण वाऱ्याने गॅस उडतो, ओलाव्याने सांध्यात छिद्रं पडतात.

जाड ब्रॅकेट, लांब सांधे, घाई असेल तर मिग. टाकी, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप, दिसणारं काम असेल तर टिग. पुतण्याला टाकी स्वतःच बनवायची आहे. त्याला टिगच सांगितलं.