नाशिकहून पुणे, विद्यापीठ तेच कॉलेज दुसरं: ट्रान्सफरचा रिव्ह्यू (एस.वाय. बी.एस्सी.)

पप्पांची बदली पुण्याला झाली आणि एफ.वाय. (पहिलं वर्ष) नाशिकला झाल्यावर एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) मी पुण्यात ट्रान्सफर घेतली. दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच, पुणे नाशिक आणि नगर (आता अहिल्यानगर) हे तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठात येतात, त्यामुळे घरी सगळे म्हणत होते की विद्यापीठ एकच आहे मग टेन्शन कसलं. टेन्शन असतं हो, पण विद्यापीठाचं कमी आणि कॉलेजच्या ऑफिसचं जास्त. कॉलेजांची नावं टाकत नाहीये, पण कुठे काय सर्व्हिस मिळाली ते सविस्तर लिहिते कारण मला शोधताना मराठीत धड काहीच सापडलं नव्हतं.

पहिलं चांगलं सांगते. पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) तोच राहतो. एलिजिबिलिटी (विद्यापीठाची पात्रता तपासणी) पहिल्या वर्षीच झालेली असते त्यामुळे ती नव्याने काढायची भानगड नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही, ते विद्यापीठ बदलतं तेव्हा लागतं, म्हणजे पुण्यातून मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठात जायचं असेल तर. हे मुद्दाम लिहितेय कारण ॲडमिशन करून देतो म्हणणारे एजंट फिरत असतात, त्यातल्या एकाने आम्हाला मायग्रेशन काढून देतो म्हणून पैसे सांगितले होते. एक रुपया देऊ नका. गुणपत्रिका आणि एबीसी आयडी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, डिजीलॉकरमधून निघतो, १२ आकडी असतो) हे मात्र आधीच काढून ठेवा, नव्या कॉलेजने पहिल्यांदा तेच मागितलं.

आता जुनं कॉलेज. तिथलं ऑफिस म्हणजे खरंच मनस्ताप. एलसीचा (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा) अर्ज दिला तर म्हणे आधी तिकडचं पत्र आणा की ते तुम्हाला घेतायत, आणि पुण्यात फोन केला तर ते म्हणाले एलसी आणा मग बघू. दोघांच्या मध्ये विद्यार्थी लटकतो आणि ॲडमिशनच्या तारखा काही कोणासाठी थांबत नाहीत. शेवटी पुण्याच्या कॉलेजमधून लेटरहेडवर सीट शिल्लक असल्याचं आणि घ्यायला हरकत नसल्याचं पत्र घेतलं, शिक्क्यासकट, तेव्हा कुठे इकडचा कागद हलला. तर क्रम हाच ठेवा, आधी नवीन कॉलेजचं लेखी पत्र, मग जुन्याची एनओसी (ना हरकत पत्र), मग एलसी. सीट पक्की नसताना एलसी काढली तर जुन्या कॉलेजची सीटही गेली आणि नव्याची मिळेलच असं नाही. आणि कुठलाही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का मारून घ्या. माझा अर्ज "इथे आलाच नाही" म्हणून सांगितलं होतं, आवक नंबर दाखवल्यावर त्याच टेबलाच्या खणातून निघाला.

नो ड्यूज (काही देणं बाकी नाही) फॉर्म वेगळा असतो, लायब्ररी, लॅब, जिमखाना, अकाउंट्स सगळ्यांच्या सह्या. केमिस्ट्री लॅबच्या काकांना मात्र मनापासून थँक्यू. त्यांनी ब्रेकेजचं रजिस्टर काढलं, माझ्या नावापुढे बोट फिरवत गेले, एक ब्युरेट फुटली होती तिचे पैसे भरलेत का बघितलं, आणि सही करताना म्हणाले, "बेटा, सहीखाली तारीख पण असू दे, नाहीतर अकाउंट्सवाले तुला परत वर पाठवतील." खरंच माझ्यापुढच्या मुलाला तारखेसाठीच परत पाठवलं. अशी माहिती ऑफिसच्या बाहेर एक कागद चिकटवून दिली तर किती मुलांची पायपीट वाचेल, बाहेरगावची मुलं पाच पाच तास एसटीने येतात आणि त्यांना "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे उत्तर मिळतं, हे मला अजिबात पटत नाही.

नवीन कॉलेजला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटतात. ॲडमिशनच्या मॅडमनी माझी गुणपत्रिका आणि त्यांचा सिलॅबस शेजारी शेजारी ठेवला आणि पेन्सिलने एकेक विषयावर टिक करत गेल्या, कुठला विषय जुळतोय कुठला नाही. एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) आल्यापासून हा भाग फार महत्त्वाचा झालाय, कारण नुसतं बी.एस्सी. ते बी.एस्सी. असून भागत नाही, तुमची मेजर मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयाची) जोडी त्या कॉलेजमध्ये आहे का, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा निवडीचा विषय) काय घेतलं होतं, क्रेडिट पूर्ण झालेत का, सगळं बघतात. माझं मेजर तिथे होतं म्हणून निभावलं, माझ्या मैत्रिणीचं मायनर पुण्यात तिला हव्या त्या कॉलेजमध्ये शिकवतच नाहीत म्हणून तिला दुसरं कॉलेज बघावं लागलं. आणि फर्ग्युसनसारखं स्वायत्त कॉलेज डोक्यात असेल तर तिथे सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजच्या स्वतःच्या असतात, डिग्री विद्यापीठाची असली तरी, त्यामुळे तिथे विषय जुळवणं जास्त कटकटीचं, आधी चौकशी करूनच जा. बॅकलॉग (राहिलेले विषय) असेल तर इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे) मार्क कोण पाठवणार हे दोन्हीकडे विचारून घ्या.

फीबद्दल. जुन्या कॉलेजमध्ये एस.वाय.ची फी भरून बसला असाल तर घाबरू नका, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) ऑक्टोबर २०१८ चा नियम आहे. ॲडमिशनच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द केलं तर १०० टक्के परत (प्रोसेसिंगचे थोडे कापून), त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, आणि त्यापुढे काहीच नाही. त्यामुळे रद्द करायचा अर्ज लवकर द्या. मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत हेही त्याच नियमात आहे, मी ते प्रिंट काढून फाईलला लावलं होतं आणि बोलण्याचा सूर लगेच बदलला. स्कॉलरशिपवाल्यांनी महाडीबीटीवर (राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) कॉलेज बदलल्याची नोंद करून घ्यायला विसरू नका, आणि एलसी जमा करायच्या आधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

रेटिंग: नवीन कॉलेज ५ पैकी ५, एकूण प्रोसेस ३.५, जुनं ऑफिस २, आणि त्यातला एक स्टार लॅबच्या काकांचा. लायब्ररी डिपॉझिट अजून परत आलेलं नाहीये, पावती माझ्याकडे आहे, पैसे आले तर जुन्या ऑफिसचा अर्धा स्टार वाढवेन.