मेव्हन: कंपनीचा पॅरेंट की स्प्रिंग बूटचा?

जळगावात आमची सहा जणांची टीम. जिनिंगवाल्यांचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांचं बिलिंग, असे मिळून अकरा जावा प्रोजेक्ट सांभाळतो. सगळ्यांचा बिल्ड मेव्हन या टूलने होतो. जावाची आवृत्ती, टेस्टचे नियम, जार (तयार प्रोग्रामची फाइल) कुठल्या रिपॉझिटरीत जायची, हे सगळं एका पॅरेंट पॉममध्ये होतं. पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंगची फाइल; पॅरेंटमध्ये लिहिलेलं खालच्या प्रोजेक्टांना वारशाने मिळतं. पुढे स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क आलं, आणि त्याचाही स्वतःचा पॅरेंट. मेव्हनमध्ये पॅरेंट एकच देता येतो. तुम्हीही इथेच अडला असाल, तर आम्ही तपासलेल्या वाटा सांगतो.

पहिली वाट म्हणजे कंपनीचा पॅरेंटच स्प्रिंग बूटच्या स्टार्टर पॅरेंटखाली आणायचा. लायब्ररींच्या आवृत्त्या, युटीएफ-८, कंपायलरचे फ्लॅग, चालणारी जार बनवणारी प्लगिनची मांडणी, सगळं आयतं मिळतं. एखादी आवृत्ती बदलायची तर प्रॉपर्टीत एक ओळ पुरते. पण स्प्रिंगशी संबंध नसलेल्या प्रोजेक्टलाही ते ओझं वाहावं लागतं. शिवाय कंपनीचा एखादा छोटा नियम बदलून पॅरेंट पुढे नेला, की बूटची त्यातली आवृत्तीही सोबत येते.

दुसरी वाट: पॅरेंट कंपनीचाच ठेवायचा आणि बूटचा बॉम (लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी) पॉमच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंट या आवृत्त्या ठरवणाऱ्या भागात इम्पोर्ट स्कोपने घ्यायचा. आम्ही हीच धरली, आणि पहिला आठवडा त्रासाचा गेला. काट्याच्या प्रोजेक्टचा बिल्ड व्यवस्थित झाला, पण सर्व्हरवर जार चालवली तर ‘नो मेन मॅनिफेस्ट अॅट्रिब्यूट’, म्हणजे सुरुवात कुठल्या क्लासपासून करायची ते जारमध्ये लिहिलेलंच नाही. बॉममधून फक्त आवृत्त्या येतात, प्लगिनची मांडणी येत नाही. रिपॅकेजचं गोल (चालणारी जार बांधणारी बूट प्लगिनची पायरी) आपल्या पॉममध्ये स्वतः लिहावं लागतं.

ते लिहिलं. मग गाडी नंबरावरून पावती शोधायला गेलं की 500, म्हणजे सर्व्हरची एरर. शेजारच्या टेबलावरून मित्राने विचारलं, “काय व्हयनं भो?” लॉगमध्ये लिहिलं होतं की पॅरामीटरचं नाव सापडत नाही, कंपायलरला ‘पॅरामीटर्स’ फ्लॅग द्या. कंपाइल झाल्यावरही पॅरामीटरची नावं टिकवणारा हा फ्लॅग स्टार्टर पॅरेंट गुपचूप लावून देतो. पूर्वी तो नसला तरी स्प्रिंग डीबग माहितीतून नावं काढून घ्यायचं. स्प्रिंग 6.1, म्हणजे बूट 3.2 पासून ते बंद झालं. कंपनीच्या पॅरेंटमध्ये कंपायलर प्लगिनला एक ओळ जोडली आणि पावत्या दिसू लागल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जॅक्सनने, म्हणजे जेसन डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररींच्या संचाने. आमच्या पॅरेंटच्या डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये त्याच्या एका लायब्ररीची जुनी आवृत्ती कोणीतरी कधीकाळी हाताने लिहून ठेवली होती. वारशाने आलेली अशी नोंद इम्पोर्ट केलेल्या बॉमवर भारी पडते, त्यामुळे एक लायब्ररी जुनी आणि बाकीच्या नव्या असा मेळ झाला. म्हणून बॉम आणण्याआधी पॅरेंटमधल्या हाताने लिहिलेल्या आवृत्त्या झाडून काढा. आणखी एक: बॉम घेतला की प्रॉपर्टी बदलून त्यातली आवृत्ती बदलत नाही, डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये वेगळी नोंद करावी लागते. दोन बॉम असतील आणि दोन्हीत एकच लायब्ररी असेल, तर आधी लिहिलेल्या बॉमचं चालतं.

तिसरी वाट ग्रेडलची, म्हणजे मेव्हनऐवजी दुसरं बिल्ड टूल. तिथे कन्व्हेन्शन प्लगिन (सामाईक सेटिंगचे तुकडे) हवे तितके एकत्र लावता येतात, ‘एकच पॅरेंट’ हा प्रश्नच उरत नाही. नवीन काम शून्यातून उभं करत असाल तर जरूर विचार करा. पण फक्त या एका अडचणीसाठी चालू अकरा प्रोजेक्ट हलवायला मी आमच्या टीमला सांगणार नाही.

तुमचे सगळेच प्रोजेक्ट स्प्रिंग बूटचे असतील, तर पहिली वाट घ्या, उगाच त्रास नको. आमच्यासारखी सरमिसळ असेल तर दुसरी. मात्र पॅरेंट बदलण्याआधी प्रत्येक प्रोजेक्टचा इफेक्टिव्ह पॉम (वारशाने आलेलं सगळं धरून तयार होणारा पूर्ण पॉम) फाइलमध्ये काढून ठेवा, बदलल्यावर पुन्हा काढा आणि दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून बघा. आमची रिपॅकेजची गायब मांडणी आणि तो फ्लॅग, दोन्ही तिथेच पाच मिनिटांत दिसले असते.