शंभर लिटरची टाकी दोन बादल्यांत भरली

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची फिश टँक मी पूर्ण रिकामी केली आणि पहिल्यांदाच पाईपऐवजी बादलीनं भरली. बादली २० लिटरची. दुसरी बादली ओतून संपली तेव्हा पाणी वरच्या पट्टीला टेकलं होतं. विकणाऱ्यानं ही टाकी मला '१०० लिटर'ची म्हणून दिली होती. त्या आकड्यावर विसंबून पाच महिन्यांत माझ्या हातून नऊ मासे गेले. सोलापुरात कुणी सिक्लिड (ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न वगैरे ज्या कुळात येतात ते शोभेचे मासे) पाळायचं ठरवलं तर त्याच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात मुलीला घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. तिला ऑस्कर आवडला. दोन इंचाचं पिल्लू, अंगावर केशरी पट्टे. मी दुकानदाराला सरळ विचारलं, हा मोठा किती होतो? तो म्हणाला, "मालक, मासा टाकी बघून वाढतंय. छोट्या टाकीत छोटंच राहतंय की ओ." मग दोन ऑस्कर, वर आठ 'मिक्स आफ्रिकन' (आफ्रिकेतल्या सरोवरांचे वेगवेगळे सिक्लिड), दोन फुटी टाकी, स्टँड, स्पंज फिल्टर, खडे असं सगळं एका दिवशी दिलं. ६,२०० रुपये. पावती कच्ची, तिच्यावर एवढंच लिहिलेलं : टाकी सेट, मासे, नग १०.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक चार फुटी टाकी होती. तिच्यात फूटभर लांबीचा एकच मासा. मुलीनं विचारलं, "काका, हा कोणता?" "ते शोचं आहे बाळ, विकायचं नाही." तो ऑस्करच होता. आज माझा जीव सगळ्यात जास्त कशानं जळत असेल तर यानं. ऑस्कर केवढा होतो आणि त्याला केवढी टाकी लागते, हे त्या माणसाला नीट माहीत होतं.

मासा टाकी बघून वाढत नाही. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. नीट पोसला तर पहिल्या वर्षी महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो आणि १० ते १२ इंचांचा होतो. छोट्या टाकीत त्याची वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, आणि आम्ही पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले होते. पहिल्या पंधरवड्यात तीन आफ्रिकन गेले. दुकानदार म्हणाला, पाणी बदला.

पाणी बदला म्हणणं सोपं आहे. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरणाचं पाणी बॅरलमध्ये भरून ठेवायचं, क्लोरीन उडून जायला दिवसभर एअर पंप लावायचा, मग टाकीत घालायचं. मोठ्या टाकीत घाण पातळ होते, म्हणून आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदललं तरी भागतं. ४० लिटरमध्ये दोन ऑस्कर असले की दर दुसऱ्या दिवशी बादली उचलावी लागते. ज्या शहरात पाणी रोज येत नाही तिथं छोटी टाकी विकताना दुकानदार 'सांभाळायला सोपी' म्हणतात. सिक्लिडच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे.

मार्चमध्ये माशांच्या अंगावर साखरेच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आले. त्याच दुकानातून औषध आणलं. बाटलीवर लिटरच्या हिशोबानं थेंब लिहिलेले होते. फोन करून विचारलं तर म्हणाला, "आपली १०० लिटरची आहे न, त्या मापानं टाका." टाकले. पाणी होतं ४० लिटर, म्हणजे औषध अडीच पट. सकाळी चार आफ्रिकन तळाला पडलेले. मुलगी शाळेला निघाली होती, तिनंच आधी पाहिलं. मला वाटलं रोगानं गेले, आणि मी त्याच माणसाकडून आणखी एक बाटली आणली. ती उघडायची वेळ आली नाही, एवढंच नशीब.

उरलेला आफ्रिकन पिवळा, काळ्या पट्ट्यांचा होता. नंतर कळलं तो ऑराटस, मलावी सरोवराच्या खडकांतला, आणि त्या जातीतही फार भांडखोर. वाढतानाच त्याचा पिवळा रंग जाऊन तो काळपट झाला, म्हणजे नर. तो ऑस्करांच्या शेपट्या कुरतडायचा. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. दुपारी लाईट गेली, फिल्टर बंद पडला, आणि संध्याकाळी ऑराटस आणि एक ऑस्कर गेलेले. उरला तो एक ऑस्कर, सात इंचांचा. त्याला वळायचं झालं की शेपूट काचेला घासायची. त्याचं नाव मुलीनं वाघ्या ठेवलंय.

बादल्या मोजल्यावर दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "१०० लिटर म्हणजे बोलायची पद्धत असते मालक." मग वाघ्याला परत घ्यायची तयारी दाखवली, २०० रुपयांत. तेवढ्या ऑस्करला तो स्वतः केवढ्याला विकत होता ते समोरच्या काचेवर लिहिलेलं होतं : ९००. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायचं मनात आलं. पण पावतीवर ना माप, ना लिटर, ना माशाचं नाव. दाखवणार काय?

म्हणून टाकी घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ नं भागा, लिटर मिळतात. माझी २४ × १२ × १२, म्हणजे बाहेरच्या मापानं जेमतेम ५७. त्यातून काचेची जाडी, वरची रिकामी जागा आणि खडे वजा केले की ४०. औषध नेहमी या शेवटच्या आकड्यावर घालायचं.

आणि उंचीला भुलू नका. सिक्लिड तळाची जागा वाटून घेतात, आपापला कोपरा राखतात, म्हणून लांबी-रुंदी महत्त्वाची. एका ऑस्करला किंवा एका फ्लॉवरहॉर्नला ४८ × १८ × १८ ची टाकी, सुमारे २५५ लिटर, यापेक्षा कमी नको. मलावीच्या माशांनाही चार फूट हवेत. त्यांना ऑस्करबरोबर कधीच ठेवू नये. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी मात्र त्यांना मानवतं. घरात जागाच दोन फुटांची असेल तर रामिरेझी या दोन इंची सिक्लिडची जोडी ठेवा, त्यांना मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं एवढं सांभाळा.

चार फुटी टाकी मी दुसरीकडे करून घेतली. काच १० एमएम, आणि तिन्ही मापं पक्क्या बिलावर लिहून घेतली. पाणीच अडीचशे किलोचं होतं, म्हणून स्टँड लोखंडी आणि जागा तळमजल्यावर, भिंतीला लागून. वाघ्या आता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ पोहत जातो. मुलीची चाहूल लागली की काचेजवळ येतो.

जुनी टाकी गॅलरीत पडून होती. गेल्या रविवारी अशोक चौकातले एक ओळखीचे ती मागायला आले, नातवाला ऑस्कर हवे होते म्हणून. मी काही बोललो नाही. दोन बादल्या भरून आणल्या आणि त्यांच्यासमोर टाकीत ओतल्या. ते बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग टाकी नेली, पण गप्पींसाठी.