मांडीचा निओप्रीन (ताणणाऱ्या रबराचा) पट्टा: स्नायू ताणला असेल तरच घ्या

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी झाली किंवा नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, एवढ्यासाठी पट्टा घेऊ नका. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो, म्हणून चढापेक्षा उतार बाधतो. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त ठणकतं आणि आपोआप ओसरतं. शेक आणि थोडं चालणं पुरतं. मात्र लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर लगेच दवाखाना गाठा.

पट्ट्याचं खरं काम धावताना मागच्या मांडीत सटकन चमक भरते तेव्हा. पहिले दोन दिवस टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. चालायला लागल्यावर पट्टा. तो स्नायू सांधत नाही, नुसता आवळून आधार देतो.

सगळं मापावर आहे. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारात घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, एका कंपनीचा ‘एम’ दुसरीचा ‘एल’ निघतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा, जांघ आणि गुडघ्याची वाटी यांच्या मधोमध टेप धरा आणि तो आकडा खोक्यावरच्या तक्त्याशी ताडा. मांडी वर जाड, खाली बारीक. त्यामुळे सरळ नळीसारखा पट्टा हमखास घसरतो, त्याची कड गुंडाळून दोरीसारखी काचते. वेल्क्रोचा उघडता पट्टा बरा: खालून बांधत वर या, वरच्या कडेत दोन बोटं शिरली पाहिजेत. दुकानातच दहा उठाबशा काढून बघा. (दुकानदार बघत राहील, राहू दे.)

एप्रिल-मेमध्ये आत घाम साचून घामोळं येतं, तेव्हा दोन-तीन तासांनी काढून मांडी पुसा. रात्री नकोच. धुताना वेल्क्रो बंद करा, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. गार पाणी, सावलीत वाळवण.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग, मुंग्या, बधिरपणा असेल तर बहुधा जांघेजवळ नस दाबली जातेय. तिथे पट्टा नको, कंबरेचा बेल्ट सैल करा आणि साखर तपासा. कंबरेतून निघून गुडघ्याखाली उतरणारी कळ पाठीची, मोजे घालताना जांघेत दुखणं खुब्याचं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असून दोन्ही मांड्या दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनानं बंद करू नका.

एकच पाय सुजून गरम झाला असेल, त्यातही ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर पट्टाही नको आणि मालीशही नको. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८.

आठवड्याभराच्या कामासाठी पैसे घालवायचे नसतील तर १५ सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज आणा. गुडघ्याच्या वरून सुरू करून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत जांघेकडे न्या.